बल्ब फोडून कोरलची लाईट बनवणाऱ्यांनो, आधी हे वाचा

एक व्हिडीओ सध्या सगळीकडे फिरून राहिला आहे. "200 रुपयांत रीफ टँकची एलईडी लाईट, ना ड्रायव्हर ना हीटसिंक, घरातले बंद पडलेले बल्ब फोडा, आतल्या प्लेटा काढा, टाकीवर चिकटवा, झालं." (रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायची काचेची टाकी; ड्रायव्हर म्हणजे एलईडीला बेताचा करंट देणारं सर्किट; हीटसिंक म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा.) खाली लय हार्ट आणि लय हात जोडलेले. फिरत फिरत तो दर्यापूरकडच्या आमच्या भाच्यापर्यंत पोचला. त्याचा फोन, "मामा, बल्ब फोडून ठेवले, प्लेटा फ्रेमले फेविक्विकनं चिकटवू का सिलिकॉननं?" आता मी मोटर रिवाइंडिंग आणि बोर्ड रिपेअरिंगवर पोट भरणारा माणूस, माझ्याच घरच्या पोट्ट्यानं मला हे विचारावं! त्याला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही, म्हणून जरा सभ्य भाषेत लिहितो.

त्या व्हिडीओतलं सगळ्यात घातक वाक्य हे, की "एलईडी 3 व्होल्टची असते, शॉक लागूच शकत नाही."

एका एलईडी चिपच्या दोन टोकांत साधारण 3 व्होल्टचा फरक असतो, खरं आहे. पण शॉक त्या फरकानं लागत नाही भाऊ, शॉक लागतो ती प्लेट आणि तुमच्या पायाखालची जमीन यांच्यातल्या फरकानं. कावळा तारेवर निवांत बसतो म्हणून ती तार 3 व्होल्टची झाली का? स्वस्त बल्बात जो ड्रायव्हर असतो तो बहुतेक वेळा नॉन-आयसोलेटेड, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर नाही, एक कपॅसिटर नाहीतर छोटी कॉइल, एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, आणि तिथून सरळ प्लेट, त्यामुळे प्लेटवरचा सोल्डरचा प्रत्येक उघडा टाका हा घरच्या 230 व्होल्टच्या फेजशी जोडलेला असतो. पिन उलटी लावा की सुलटी, ब्रिजमुळे काही फरक पडत नाही. मग बल्ब बदलताना शॉक काहून लागत नाही? कारण वरचं प्लास्टिकचं कव्हर. एलईडी बल्बांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 16102, त्याच्या सुरक्षेच्या भागात माणसाच्या बोटाच्या मापाचं एक चाचणी-बोट असते, ते बल्बला सगळीकडून लावून पाहतात की आतल्या करंटच्या भागाला कुठून स्पर्श होतो का. म्हणजे कंपनीनं सुरक्षेचा सगळा हिशोबच त्या कव्हरवर केलेला, आणि व्हिडीओतला बाबा पहिल्या मिनिटात हातोडीनं तेच कव्हर फोडतो! त्या एका मानकावरच हा व्हिडीओ खलास होतो, खरं म्हणजे बाकी काही लिहायची गरजच नव्हती.

त्यात ही टाकी साध्या पाण्याची नाही. रीफ टँकमधे लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असते, असं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कैक पटीनं करंट नेते. एअर पंपाचे बुडबुडे फुटले की बारीक तुषार वर उडतात, वाळतात, आणि काचेवर फ्रेमवर पांढरं मीठ चढत जाते. ते मीठ प्लेटच्या टाक्यांवर बसलं, हवेतला ओलावा त्यानं ओढला, की प्लेटपासून ओल्या काचेपर्यंत करंटला रस्ता तयार. आणि कोरल ठेवणारा माणूस रोज कोपरापर्यंत हात पाण्यात घालतो, अनवाणी, धुतलेल्या फरशीवर उभा राहून. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, तरी अक्कल येत नाही.

"घरात एमसीबी आहे" हे उत्तर कोणी देऊ नका. एमसीबी ओव्हरलोडवर नाहीतर शॉर्टवर पडते, तिला कित्येक अँपिअर लागतात, माणूस मरायला अँपिअरचा छोटा तुकडा पुरतो. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लगेच वीज तोडणारा ब्रेकर, लागतो, आणि गावात किती घरात तो आहे ते तुम्हालाच माहीत.

दुसरं, "एलईडी थंड असते, हीटसिंक नको." अर्धं खरं, मानतो. एलईडीच्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते, जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांसारखं टाकीचं पाणी ती भाजत नाही. पण चिप स्वतः तापते, विजेचा मोठा भाग तिथंच उष्णता होतो. आणि चिप तापली की तिचं व्होल्टेज उतरते, त्यामुळे करंट बांधलेला नसेल तर तो अजून वाढते, मग चिप अजून तापते, शेवटी जळते. ड्रायव्हर लागतो तो यासाठी, करंट बांधून ठेवायला. आपल्या डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, कधी 180 व्होल्ट येते, पंपांचा लोड सुटला की कधी 260, तिथं बिनाड्रायव्हरची लाईट किती टिकेल? त्यात मे महिन्यात घरातच 40 च्या वर, आणि कोरलला पाणी लागते 24 ते 27 डिग्री. खरा खर्च लाईटचा नाहीच बाप्पा, पाणी थंड ठेवायचा आहे. पाण्यावर पंखा मारला तर थोडं थंड होते, पण उडालेलं पाणी आरओचंच भरायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही, टाकीतच राहते. (भाचा म्हणे, "आपल्या बोरचं पाणी तं खारंच हाय." खारपाणपट्ट्याचं पाणी समुद्राचं पाणी झालं असतं तर मी कापूस सोडून झिंगेच लावले असते.)

"पांढरा बल्ब चालते, निळा फक्त शायनिंगले." इथं थोडं देणं भाग आहे. पांढरी एलईडी मुळात निळीच चिप असते, वरून उजेडाचा रंग बदलणारा पिवळा थर, फॉस्फर, म्हणून तिच्यात निळा असतोच. पण कोरलच्या अंगात राहणारं शेवाळ जास्त करून निळ्यावर जगते, म्हणून लोक 450 नॅनोमीटरची रॉयल ब्लू वेगळी टाकतात. आणि डब्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, पाहू नका, ते माणसाच्या डोळ्यासाठी मोजलेले, हिरव्याला जास्त मार्क देतात.

24 तास चालू ठेवा, जितके वॅट तितकी वाढ, हे दोन्ही बकवास. 8-10 तास बस. एकदम जास्त उजेड दिला तर कोरल पांढरं पडते, हळूहळू वाढवावा लागतो.

आणि "कोरल मालवणहून फुकट आणा" म्हणणाऱ्याला सांगा, कडक सांगाड्याचे सगळे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल 1 मधे आहेत, वाघाच्याच यादीत. 3 ते 7 वर्षं आत. आपल्या मेळघाटाच्या पट्ट्यात तरी हे समजावून सांगावं लागू नये.

बनवायचीच असेल तर 3 वॅटच्या स्टार एलईडी (ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या प्लेटवर बसवलेल्या) घ्या, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून स्क्रूनं बसवा, खाली ॲक्रिलिकची शीट, आणि ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा, डब्यावर आयसोलेटेड छापलेला. 12 एलईडी सिरीजमधे म्हणजे 36 ते 40 व्होल्ट. ड्रायव्हर टाकीपासून लांब भिंतीवर, वायर प्लगच्या खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमधे जाणार नाही. ज्यांनी बल्बाच्या प्लेटा आधीच लावल्या त्यांनी बटण बंद करून हात घालू नका, गावच्या वायरिंगमधे बटण कित्येकदा न्यूट्रलवर असते. पिनच काढा, कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबा, आणि मग ती फ्रेम खाली घ्या.