एन्गोलो कांतेच्या नावाने फिरणारी भाकडकथा

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन ठिकाणांहून आला: नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शेवटी कोल्हापूरहून दाजींकडून. पहिल्या दोन वेळी तो मी अर्धवट वाचून पुसून टाकला. तिसऱ्या वेळी तसे करता आले नाही, कारण दाजींनी तो माझ्या भाच्यालाही पाठवला होता आणि चौदा वर्षांच्या त्या मुलाने त्याच संध्याकाळी फोन करून मला विचारले, “मामा, मग मी कोचिंग सोडून एकट्यानेच सराव केला तर चालेल ना? कांतेला कुठे कोच होता?”

ज्यांच्यापर्यंत हा संदेश अजून पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा मतलब सांगतो. फ्रान्सचा फुटबॉलपटू, मध्यरक्षक एन्गोलो कांते लहानपणी पॅरिसच्या रस्त्यांवर कचरा वेचत असे. १९९८ च्या विश्वचषकाच्या वेळी स्टेडियमबाहेर बाटल्या गोळा करताना त्याने खेळाडू होण्याचे ठरवले. त्याला ना शाळा मिळाली, ना क्लब, ना प्रशिक्षक. उंची कमी म्हणून सगळ्यांनी हाकलले, तरी निव्वळ जिद्दीवर तो थेट इंग्लंडमध्ये पोहोचला आणि लेस्टर या क्लबला तिथल्या लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आज कोट्यधीश असूनही तो फुटलेला फोन वापरतो, सगळा पैसा वाटून टाकतो आणि २०१८ च्या विश्वचषकाची अंतिम लढत त्याने एकहाती जिंकून दिली, तरी चषकाला हात लावायलाही तो लाजला. शेवटी अर्थातच हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि ‘आपल्या मुलांना नक्की दाखवा’ अशी सूचना.

कचऱ्यापासून सुरुवात करू. कांतेचा जन्म २९ मार्च १९९१ चा, म्हणजे १९९८ च्या उन्हाळ्यात तो सात वर्षांचा होता. त्याचे आईवडील मालीहून आलेले, घरची परिस्थिती बेताची, हे सर्व खरे आहे आणि ते कोणी नाकारतही नाही. पण कुटुंब राहत होते पॅरिसच्या पश्चिमेला रुए-मालमेझों या उपनगरात, आणि अंतिम सामन्याचे स्टेडियम आहे शहराच्या उत्तरेला सां-दनी येथे. सात वर्षांचे पोर एवढ्या लांब बाटल्या वेचायला जात होते, असे सांगणाऱ्याने निदान कोणी पाहिले हे तरी सांगावे. त्याचे बालपण ज्यांनी जवळून पाहिले त्या सुरेन गावच्या फुटबॉल क्लबमधील माणसांच्या ज्या मुलाखती मी वाचल्या आहेत, त्यांत शांत, लहानखुरा आणि सतत पळणारा मुलगा भेटतो. कचऱ्याची पिशवी त्यांत कुठेही नाही.

सुरेनचे नाव आले की संदेशातील सर्वांत घातक वाक्याकडे वळावे लागते: क्लब नाही, प्रशिक्षक नाही, शाळा नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याला दहा वर्षे सहज गिळून टाकता आली याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. कांते आठ-नऊ वर्षांचा असताना शेजारच्या सुरेन या गावाच्या क्लबमध्ये दाखल झाला आणि २०१० पर्यंत, एकोणीस वर्षांचा होईपर्यंत, त्याच क्लबच्या वेगवेगळ्या वयोगटांतील संघांतून खेळत राहिला. क्लब हौशी खेळाडूंचा होता, त्यामुळे तिथे तारांकित अकादमीचा थाट नसणार हे उघड आहे, पण संघ होता, सामने होते आणि मुलाकडे लक्ष ठेवणारे प्रशिक्षक होते. त्यांपैकी एकाने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. सुट्टी लागण्यापूर्वी प्रशिक्षकांनी त्याला अर्ध्या थट्टेने सांगितले की दोन महिन्यांनी येशील तेव्हा चेंडू खाली न पाडता ५० वेळा डाव्या पायावर, ५० वेळा उजव्या पायावर आणि ५० वेळा डोक्यावर उडवून दाखवायचा. सुट्टी संपल्यावर पोरगा आला आणि त्याने ते मुकाट्याने करून दाखवले. या किश्श्यात जिद्द आहेच, पण काय करायचे हे सांगणारा आणि दोन महिन्यांनी ते तपासणारा माणूसही आहे, आणि नेमका तोच माणूस या संदेशाने पुसून टाकला आहे.

शाळेचेही तसेच. २०१० मध्ये कांते उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोनच्या क्लबमध्ये गेला, तेव्हा फुटबॉलबरोबर तो लेखाशास्त्राचे शिक्षण घेत होता. हो, जमाखर्चाचे. खेळ नाही जमला तर हाताशी काही असावे, एवढा व्यवहार त्या घराला कळत होता. पायाने ढकलायच्या स्कूटरवरून सरावाला येणारा आणि हिशेबाच्या वह्या लिहिणारा विद्यार्थी कदाचित कचरा वेचणाऱ्या मुलाइतके डोळे ओले करत नसेल, पण माझ्या भाच्याला त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता ‘थेट इंग्लंडमध्ये’ या शब्दांबद्दल. इथे वादविवादाची गरज नाही, सामन्यांची नोंद पुरेशी आहे. बुलोनमध्ये पहिली दोन वर्षे तो राखीव संघात होता. मुख्य संघाकडून त्याचा पहिला साखळी सामना झाला १८ मे २०१२ रोजी, मोनाकोविरुद्ध, दुसऱ्या श्रेणीत, तोही बदली खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटे. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि त्याच हंगामाअखेर बुलोनची तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. पुढच्या चार हंगामांतील त्याच्या साखळी सामन्यांची संख्या पाहा: बुलोनकडून तिसऱ्या श्रेणीत ३७, काँ या क्लबकडून दुसऱ्या श्रेणीत ३८, त्याच क्लबबरोबर बढती मिळवून पहिल्या श्रेणीत ३७, आणि मग लेस्टरकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३७. दरवर्षी एक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर जवळजवळ प्रत्येक सामना. या चार आकड्यांपुढे चमत्काराची सगळी भाषा पोकळ वाटू लागते. ज्याला कारकीर्द म्हणतात ती अशी दिसते, आणि ती कंटाळवाणी असल्यामुळेच बहुधा कोणी पुढे पाठवत नाही.

उंचीचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो, मनाविरुद्ध का होईना. कांते जेमतेम साडेपाच फुटांचा आहे, आणि व्यावसायिक क्लबांनी किशोरवयात त्याच्याकडे पाठ फिरवली त्यामागे त्याची चण हे एक कारण होते, असे त्याला ओळखणारेही सांगतात. लेस्टरमध्येसुद्धा प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी त्याच्या चणीमुळे साशंक होते आणि खेळाडू हेरणाऱ्या स्टीव्ह वॉल्श यांनी त्याच्या नावाचा धोशा लावला होता. पण वॉल्श यांनी त्याला हेरले ते करुणेपोटी नव्हे. काँकडून खेळताना प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेण्यात तो युरोपातील अग्रगण्य खेळाडूंत होता, आणि हे कागदावर दिसत होते. लेस्टरने २०१५ मध्ये त्याच्यासाठी सुमारे ५६ लाख पौंड मोजले, पहिल्याच हंगामात त्याने १७५ टॅकल केले, म्हणजे इतक्या वेळा प्रतिस्पर्ध्याला भिडून चेंडू अडवला, आणि पुढच्या वर्षी चेल्सी या दुसऱ्या इंग्लिश क्लबने त्याच्यासाठी तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम दिली.

लेस्टरचे विजेतेपद त्याने एकट्याने आणले हे म्हणणे जेमी वार्डी आणि रियाद माहरेझ या त्याच्या सहकाऱ्यांवर अन्याय करणारे आहे, आणि त्याच्या शेजारी मधल्या फळीत राबणाऱ्या डॅनी ड्रिंकवॉटरवर तर अधिकच. कांतेने स्वतः त्या हंगामात लीगमध्ये एकच गोल केला. त्याचे मोठेपण सांगायचेच असेल तर असे सांगा की पुढच्याच हंगामात त्याने चेल्सीकडूनही विजेतेपद जिंकले, आणि लागोपाठ दोन वर्षे दोन वेगळ्या क्लबांकडून इंग्लंडचे विजेतेपद मिळवण्याची अशी कामगिरी एरिक कांतोनानंतर मैदानी खेळाडूंपैकी त्याचीच. ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी थक्क करणारीही आहे.

फुटलेल्या फोनचे प्रकरण दोन ओळींत आटोपते. तो फोन आणि ‘मला महागड्या गाड्या कशाला हव्यात’ हे बोलणे सेनेगलच्या सादियो मानेचे आहे. दोघे वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या क्लबांचे, मैदानावरची जागाही वेगळी. काळा वर्ण आणि नम्र चेहरा एवढ्या भांडवलावर दोन माणसांची सरमिसळ करणाऱ्यांनी स्वतःला त्यांचे चाहते म्हणवून घेऊ नये.

पैसे वाटून टाकण्याबाबत थोडे खरे आहे, पण वेगळ्या अर्थाने. २०१८ मध्ये ‘फुटबॉल लीक्स’च्या, म्हणजे फुटबॉलमधील व्यवहारांच्या फुटलेल्या, कागदपत्रांवरून युरोपातील वृत्तसंस्थांनी असे वृत्त दिले की मोबदल्याचा काही भाग परदेशी कंपनीमार्फत घेण्याचा पर्याय समोर असताना कांतेने तो नाकारला आणि नेहमीसारखा पगारच मागितला. सचोटी म्हणायची ती ही, आणि कदाचित लेखाशास्त्राचा अभ्यास इथे कामी आला असेल. लेस्टरमध्ये तो साधी मिनी कूपर चालवत असे, हेही खरे. पण तो फकीर झालेला नाही. २०२३ मध्ये तो सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहादमध्ये गेला, तो काही मीठ-भाकरीसाठी नव्हे, आणि त्याच वर्षी त्याने बेल्जियममधील विर्तोन हा क्लब विकत घेतला. स्वतःच्या कष्टाचा पैसा त्याने स्वतःकडे ठेवला तर त्याचे मोठेपण कसे कमी होते, हे मला कळत नाही.

अंतिम सामन्याचा दावा वाचून तर हसावे की रडावे हे कळेना. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत क्रोएशियाविरुद्ध कांतेचा दिवस साफ वाईट होता. २७ व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेरिसिचला पाडल्याबद्दल त्याला पिवळे कार्ड मिळाले, त्याच फ्रीकिकवरून पेरिसिचने बरोबरी साधली, आणि ५५ व्या मिनिटाला फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला बाहेर बोलावून स्टीव्हन न्झोन्झीला उतरवले. तेव्हा फ्रान्स २-१ ने पुढे होता. पोग्बा आणि एम्बापेचे गोल नंतर झाले. पोट बिघडलेले असताना तो खेळला, असे पुढे सांगितले गेले. त्या आधीच्या सामन्यांत, अर्जेंटिना आणि बेल्जियमविरुद्ध धरून, त्याने मधली फळी राखली म्हणून फ्रान्स तिथवर पोहोचला. अंतिम सामन्याचा नायकच हवा असेल तर २०२१ ची चॅम्पियन्स लीग घ्या: पोर्तोमध्ये चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवले आणि सामनावीर कांतेच ठरला. खोट्या कथेला खऱ्या कथेतले हे सर्वांत चांगले पान सापडलेच नाही.

राहिला चषकाला हात लावायला लाजल्याचा प्रसंग. तो खरा आहे. न्झोन्झीने पुढे होऊन त्याच्या हातात चषक देवविला. पण त्याच संघातले सहकारी तो पत्त्यांत लबाडी करतो म्हणून त्याला जाहीरपणे चिडवत असत, हेही मुलांना कळू द्यावे.

हे सर्व मी दाजींना सविस्तर लिहून पाठवले. त्यांनी अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या एका खेळाडूची अशीच कथा पाठवली. भाच्याला मात्र मी फोनवर तो ५०-५०-५० चा किस्सा सांगितला. तो अजून सकाळी सहाला कोचिंगला जातो, आणि काल रात्री कळवले त्याप्रमाणे डाव्या पायावर त्याची मजल २३ पर्यंत गेली आहे.