एक तास आणि तर्री पोहे

आमच्या चर्चच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडं, तर्री पोह्याचा ठेला लागतो. आता नागपुरात पोह्याचा ठेला कुठं नाही म्हणा, पण हा बरोब्बर गेटसमोर, म्हणजे रविवारच्या साडेसातच्या मिस्साला (आमची चर्चमधली मुख्य प्रार्थना) येणाऱ्या माणसाची परीक्षा घ्यायला सैतानानं मुद्दाम लावून दिल्यासारखा. जानेवारीची थंडी, पातेल्यातून वाफा निघून राहिल्या, वर लाल तेलाचा तवंग, त्यात हरभरे डुबक्या मारून राहिले, आणि तिथं दर रविवारी सव्वासातला हातात प्लेट घेऊन आमच्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या मंडळीतले, एक भाऊ उभे. नाव नाही सांगत. आपण त्यांना तर्रीभाऊ म्हणू.

तर्रीभाऊ म्हणजे माणूस सोन्यासारखा हां. फीस्टच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी मंडपवाल्याशी भांडायला हेच, कुणाकडं मयत झाली तर सगळ्यात आधी पोचणारे हेच, ख्रिसमसच्या गोठ्यासाठी तणस कुठून आणायची हे पूर्ण पॅरिशमध्ये फक्त यांनाच माहीत. पण पोहे खातात, वरून एक्स्ट्रा तर्री मागून घेतात, रुमालाला हात पुसतात, घंटा वाजली की आत येतात आणि आठ वाजून पाच मिनिटांनी परमप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, लाईनीत सगळ्यांच्या पुढं. तळहात पुढं करतात तेव्हा बोटांवरची हळद मला तिसऱ्या बाकावरून दिसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कॅथलिक लोकांत परमप्रसाद घ्यायच्या आधी कमीत कमी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध सोडून. चर्चच्या कायद्यात 919 नंबरचं कलमच आहे तसं. माझ्या आजीच्या काळात तर रात्री बारापासून उपास असायचा, मग 1957 मध्ये तो तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. म्हणजे पोपसाहेबांनी कमी करत करत साठ मिनिटांवर आणून ठेवलं, आता अजून किती डिस्काउंट पाह्यजे? म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना तर तेवढ्यातूनही सूट आहे, पण तर्रीभाऊ गॅसचं भरलेलं सिलेंडर एका हातानं दुसऱ्या माळ्यावर नेतात, त्यांना कोणत्या खात्यात टाकायचं?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाह्यजे. हा तास मिस्सा सुरू होण्यापासून मागं नाही मोजत, प्रसाद घेण्यापासून मागं मोजतात. मी बँकेतून रिटायर झालो, हिशोबाची खोड जात नाही, तर मी हिशोब केला. भाऊंचा शेवटचा घास सात वीसला, प्रसाद आठ पाचला, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. फक्त पंधरा मिनिटांनी माणूस अडकून राहिला! फादरांनी प्रवचन पंधरा मिनिटं लांबवलं की भाऊ निर्दोष. पण आमचे फादर दहा मिनिटांत आटपतात, त्यासाठी सगळे त्यांचं कौतुक करतात, यात एका आत्म्याचं नुकसान होऊन राहिलं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

हा हिशोब मी मिसेसला सांगितला तर ती म्हणाली, "तुम्ही चर्चमध्ये प्रार्थनेला जाता का पंचनाम्याला?" आणि मग ते कुसळ-मुसळवालं. ते बायबलमध्येही आहे आणि आपल्या म्हणींतही आहे, त्यामुळं आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाला ते दोन्ही बाजूंनी लागते.

मी गप्पच बसलो असतो खरं तर. पण 24 जानेवारीला संत फ्रान्सिस डी सेल्सचा सण येतो. नागपुरातल्या सदर भागातल्या आपल्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे तेच, जिनिव्हाचे बिशप, चारशे वर्षांपूर्वीचे. त्याच्या जवळच्या रविवारी फादरांनी त्यांच्यावर प्रवचन दिलं. स्वभावानं हा संत इतका गोड की आजही सौम्यपणा म्हटला की त्यांचंच नाव घेतात. तरुणपणी शाब्ले म्हणून एका भागात गेले, तिथले लोक कॅल्विनवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, झालेले, यांचं ऐकायलाच कुणी येईना. तर यांनी काय केलं, आपलं म्हणणं कागदावर लिहिलं आणि लोकांच्या दाराखालून आत सरकवलं. भांडण नाही, आवाज नाही. म्हणून तर 1923 मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत केलं. शेवटी फादर म्हणाले की चुकणाऱ्या भावाला प्रेमानं समज देणं हे दयेचं काम आहे, भुकेल्याला जेवू घालण्यासारखंच.

हे ऐकताना मी तर्रीभाऊंकडं पाहिलं. भुकेल्याला जेवू घालण्याचा तर तिथं प्रश्नच नव्हता, राहिलं समज देणं.

आता समज द्यायची कशी, याचा क्रम येशूनंच सांगून ठेवला आहे, मत्तयच्या 18व्या अध्यायात. आधी एकट्यानं जाऊन एकांतात सांग, ऐकलं नाही तर दोघा-एकांना सोबत ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मी हा क्रम वाचला आणि पहिल्याच पायरीला मला घाम फुटला. तोंडावर काय सांगणार? "भाऊ, तुम्ही पोहे खाऊन येता ते बरोबर नाही"? उद्या माझ्या घरी मंडप लागायचा असला तर कोण येईल? म्हणून मी क्रम थोडा उलटा केला.

सुरुवात संत फ्रान्सिसच्या पद्धतीनं. घरी बसून छान अक्षरात चिठ्ठी लिहिली, "प्रिय बंधू, परमप्रसादाआधी एक तास पोट रिकामं ठेवलं तर आत्मा भरतो. - एक हितचिंतक". आत्मा भरतो ही ओळ मला स्वतःलाच फार आवडली होती. दार कुठं शोधत बसायचं म्हणून रविवारी मिस्सा चालू असताना, बाथरूमला जाऊन येतो म्हणून बाहेर आलो आणि भाऊंच्या पांढऱ्या ॲक्टिव्हाच्या हँडलमध्ये चिठ्ठी खोचली. नागपुरात चर्चच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या ॲक्टिव्हा किती असतात याचा विचार संत फ्रान्सिसला करायला लागला नव्हता. चिठ्ठी मिळाली क्वायरमधल्या ताईंना. त्यांचं नुकतंच डाएट सुरू होतं. त्यांना वाटलं कुणीतरी त्यांच्या वजनावर बोललं, पोट रिकामं ठेवा म्हणे. दोन रविवार त्या गायल्याच नाहीत, आणि त्यांच्याशिवाय आमचा क्वायर म्हणजे कुकरच्या शिट्टीशिवाय वरण. अजूनही त्या हितचिंतकाला शोधून राहिल्या, आणि मीच त्यांना म्हटलं, "काय लोक असतात ना ताई."

मग व्हॉट्सॲप. पॅरिशच्या ग्रुपवर सकाळी सहा वाजता, गुलाबाच्या फुलासकट, एक तासाच्या उपासाची माहिती टाकली, कलम नंबरसकट. कुणाचं नाव नाही, टोमणा नाही. सात मिनिटांत पहिला रिप्लाय तर्रीभाऊंचा! "फारच छान माहिती दिली भाऊ. आजकाल लोक हे पाळत नाहीत. सगळ्यांनी वाचा." सोबत हात जोडलेले नऊ इमोजी. मग त्यांनी तोच मेसेज दुसऱ्या दोन ग्रुपवर फॉरवर्ड केला, तिथून तो संध्याकाळी माझ्या साळ्याकडून मलाच परत आला. आणि रविवारी सव्वासातला, प्लेट.

म्हणजे शेवटी पहिलीच पायरी राहिली. एकांतात, एकट्यानं.

त्या रविवारी मी सात दहालाच ठेल्यावर गेलो. वाक्य पाठ केलं होतं. पण नागपुरी माणसाशी डायरेक्ट मुद्द्यावर येता येत नाही ना, आधी थंडीवर बोललो, मग यंदाच्या संत्र्यावर, मग मेट्रोवर, मग त्यांच्या पोराच्या ॲडमिशनवर. सात अठराला मी गळा साफ केला आणि म्हटलं, "भाऊ, एक गोष्ट बोलायची होती, राग मानू नका..."

"राग कशाचा मानायचा, आधी हे घ्या," म्हणून भाऊंनी माझ्या हातात प्लेट दिली. "तुम्ही तं कधी येतच नाही इकडं. एवढे रिटायर झाले, आमच्या हातचं खायला काय कमीपणा वाटते काय?"

आता सांगा. एखाद्याला न दुखवता समज द्यायला गेलो आणि त्याच्या हातची प्लेट नाही म्हणून परत केली, तर सौम्यपणा कुठं राहिला? मी म्हटलं एकच चमचा खातो. तो चमचा खाल्ला. त्यावर भाऊंनी लिंबू पिळलं. वर तर्री ओतली. पुढचं मला नीट आठवत नाही, घंटा वाजली तेव्हा मी प्लेट तिरपी करून तळाचा रस्सा पिऊन राहिलो होतो.

आठ पाच. पूर्ण बाक उठला. मला कलम नंबर माहीत होता, आता मी कुठल्या तोंडानं उठू, आणि त्या तोंडाला तर कांद्याचा वास. मी बसून राहिलो. गुडघे बाजूला करून सगळ्यांना जायला जागा दिली. तर्रीभाऊ लाईनीत पुढं, हळदीसकट, शांत चेहऱ्यानं.

कॅथलिक नसलेल्या वाचकांना याचा अर्थ कळायचा नाही. दर रविवारी जाणारा माणूस एका रविवारी प्रसादाला उठला नाही, म्हणजे आत काहीतरी मोठं कांड आहे, असं बाकीचे धरून चालतात. कुणी विचारत नाही, ते तर अजून वाईट. मागच्या बाकावरच्या आजींनी बाहेर पडताना माझ्या गालाला हात लावला, "देव सगळं माफ करते बेटा." सिस्टरनी मिसेसचा हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. मिसेसला कारण माहीत नव्हतं, तिनंही दाबला. मंगळवारी फादरांचा फोन, तब्येतपाणी झालं, मग म्हणे, "शनिवारी साडेपाचला मी कन्फेशनला बसतो बरं का. सहज सांगून राहिलो." (कन्फेशन म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली.) बुधवारी क्वायरच्या ताई भेटल्या तर माझ्याकडं अशा पाहून राहिल्या की चिठ्ठीचं प्रकरण यांना कळलं का काय असं वाटून मी रस्ता ओलांडला.

आणि खुलासा करायची सोय नाही. पोहे खाल्ले म्हणून सांगावं तर कुणासोबत खाल्ले ते सांगावं लागते, तिथं भाऊंचं नाव येते, म्हणजे चुगली झाली. घरी मात्र सांगून टाकलं. मिसेस दहा मिनिटं हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "मला नेलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मान खाली घालून गेटकडं चाललो होतो, तर रस्त्यापलीकडून हाक आली. तर्रीभाऊ. त्यांनी मला ठेल्यापासून जरा बाजूला, कडुलिंबाखाली नेलं. आजूबाजूला कुणी नाही पाहून घेतलं. खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. मी काही शहाणा नाही, तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले. मागच्या रविवारी तुम्ही प्रसादाला नाही आले, मले दिवसभर चैन नाही पडलं. काय झालं ते मी नाही विचारत. माणूस आहे, चुकते. मीही चुकतो. फक्त एकदा फादरकडं जाऊन या, हलकं वाटते. पाह्यजे तं मी येतो सोबत, बाहेर उभा राहतो."

एकांत होता. आवाज खाली होता. नाव नाही, टोमणा नाही, वर सोबत यायची तयारी. महिनाभर जे वाक्य मी आरशासमोर पाठ करत होतो ते या माणसानं पाठ न करता म्हणून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्थात जवळच तर्रीला फोडणी बसून राहिली होती, तेही असेल.

"जातो," म्हटलं, "शनिवारी नक्की."

"झालं तं मग," म्हणून ते ठेल्याकडं वळले. "या, आता गरम गरम खाऊन घेऊ."

मी घड्याळ पाहिलं. सात बारा. तेवढ्यात गेटमधून एक पाहुणे फादर आत जाताना दिसले, मागच्या वर्षी फीस्टला आले होते तेच, तेव्हा त्यांनी आदामापासून सुरू करून अब्राहामापर्यंत पोचायलाच पाऊण तास घेतला होता. मी मनातल्या मनात बेरीज केली, दोनदा केली.

"लिंबू जास्त मारा," मी ठेलेवाल्याला म्हटलं.