पुराच्या क्लेममध्ये निम्मेच पैसे का आले? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

"विमा म्हणजे कंपन्यांची पोटं भरायचा धंदा. 2019 च्या पुरात सांगलीच्या गणपती पेठेतलं आमचं दुकान बुडालं, नुकसानीच्या निम्मेही मिळाले नाहीत. तोच हप्ता एफडीत टाकला असता तर बरं झालं असतं. तुम्ही एजंटांची भलामण करताय," असं तुम्ही माझ्या विम्यावरच्या लेखाखाली लिहिलंत. मी विमा विकत नाही, व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. तुमचा राग रास्त आहे. एफडीचं गणित मात्र मला पटत नाही.

तुम्ही ओघात लिहून गेलात की विमा बँकेनंच उतरवला होता, कॅश क्रेडिटपोटी, म्हणजे मालावर दिलेल्या खेळत्या कर्जापोटी. गोम तिथंच आहे. बँक बघते ती आपल्या कर्जापुरतं. कर्जाचं लिमिट मंजूर झालं तेव्हाचा विम्याचा आकडा पुढं वर्षानुवर्षं तसाच रिन्यू होत राहतो. आणि आपल्याकडं कृष्णेला पूर येतो तो ऐन श्रावणात, गौरी-गणपतीचा माल भरून ठेवलेला असतो तेव्हा. समजा माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा आणि नुकसान 6 लाखांचं. आपण धरून चालतो की 6 लाख तर 10 च्या आतच आहेत, सगळे मिळतील. मिळतात 3. विमा निम्म्याच मालाचा, म्हणून भरपाईही निम्मीच. 'अंडर इन्शुरन्स कापला' म्हणतात तो हाच. हे हप्ता घेताना कुणी सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

1 एप्रिल 2021 पासून एका जागी 5 कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे. तिच्यात पूर धरलेलाच असतो आणि विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ही कपात होत नाही.

आता एफडी. वर्षाला 10 हजार टाकले तर दहा वर्षांनी व्याजासकट दीड लाखाच्या आसपास होतील. पण नदी दहा वर्षं थांबते कुठं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि लगेच 2021 ला पुन्हा दुकानांत शिरलं. उंदरांनी पोती कुरतडली, काच फुटली, असल्या खर्चाला एफडी जरूर ठेवा.

"सर्व्हेअर फोटो काढून गेला, पुढं काही सांगितलंच नाही," ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी. नुकसान मोजणाऱ्या या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागता येते, ती लेखी मागायची. भिजलेला माल वास मारायला लागला तरी सर्व्हेअर येईपर्यंत फेकायचा नाही. फेकणं भागच असेल तर आधी कंपनीला कळवून पोतं न् पोतं मोजत व्हिडिओ काढायचा. स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं दुकानाबाहेर, निदान मोबाईलवर तरी हवीत. कंपनीनं नकार दिला की वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं, सूक्ष्म उद्योगांनाही. फी लागत नाही.

तुमच्या 2019 च्या क्लेमची ती मुदत केव्हाच गेली, हे स्पष्टच सांगतो. पण पावसाळ्याआधी बँकेकडून चालू पॉलिसीची प्रत मागून घ्या. रक्कम आणि जागेचा पत्ता आधी बघा. गोडाऊन सांगलीवाडीत आणि पत्ता फक्त पेठेतल्या दुकानाचा असेल, तर गोडाऊनमधल्या मालाचा क्लेम अडकलाच म्हणून समजा. बँकेनं टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.