कलम, कोय आणि गाऱ्हाणं

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गेल्या लेखात मी सांगितलं होतं की चतुर्थीला माझ्या भाचीने मोबाइलवरच्या एआयकडून गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घालायचं मालवणी मागणं, लिहून घेतलं, गणपतीसमोर म्हटलं आणि घर भरून ‘व्हय म्हाराजा’ झालं. त्यावर तुमचं म्हणणं असं : यंत्र नक्कल करतं, नक्कल आली की कल्पकता संपली, आंब्या-फणसाच्या मुलखात राहून मी देवापुढचा शब्दही यंत्राच्या हवाली करते, याचं तुम्हांला दुःख झालं. ते दुःख खरं आहे हे तुमच्या शब्दांतून कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आंब्याचं नाव तुम्हीच काढलंत. आमची बाग देवगड तालुक्यात, कातळावर. तिथलं हापूसचं प्रत्येक झाड नक्कलच आहे. हापूसची कोय पेरली तर हापूस मिळत नाही. पराग कुठल्या झाडाचे आले त्यावर काहीतरी तिसरंच उगवतं. म्हणून कलम. बाबा आधी भेट कलमं बांधायचे, मग कोय कलम करू लागले : रुजून पंधरा-वीस दिवस झालेलं, पानं अजून तांबूस असलेलं रायवळचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचं, रोप घ्यायचं, शेंडा छाटून त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी. हात थरथरला की काडी गेली. पण या सगळ्याच्या आधी कधीतरी कुणीतरी एका झाडाचं फळ चाखलं आणि हेच जपायचं असं ठरवलं. ती पारख मला निर्मितीच वाटते.

गाऱ्हाण्याचं तेच. ‘बा देवा म्हाराजा’पासूनचा साचा कुणा एकाच्या मालकीचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या तोच चालत आला. यंत्राने भाचीला वीसेक ओळी दिल्या. तिने निम्म्याहून जास्त खोडल्या आणि मार्चातच तळ गाठणारी आमची विहीर, मुंबईत आजारी असलेले काका, हे स्वतः घातलं. विहिरीच्या ओळीला जो ‘व्हय म्हाराजा’ आला, तसा दुसऱ्या कुठल्याच ओळीला आला नाही.

तरी तुमचं म्हणणं डोक्यातून जाईना, आणि एका ठिकाणी तुमचंच बरोबर आहे असं आता मला वाटतं. नक्कल गुणांची होते तशी दोषांचीही होते. साका घ्या. फळ बाहेरून देखणं, सुरी घातली की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हापूसच्या प्रत्येक कलमात ही खोड उतरते. आम्ही चौदा आणे तयार झालं की, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधीच, फळ उतरवतो, कातळाची धग लागू नये म्हणून झाडाखाली आच्छादन घालतो. साका कमी होतो, जात नाही. लाख कलमं बांधली तरी त्याने तो जाणार नाही.

त्यासाठी कोयच पेरावी लागली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ दिली, तिच्यात साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. असा संकर म्हणजे चिमट्याने इवल्याशा फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, मोहोरावर पिशवी बांधायची. बहुतेक फुलं गळून जातात. हाती आलेल्या मोजक्या कोयी पेरायच्या, फळाची कित्येक वर्षं वाट बघायची आणि त्यातलीही बहुतेक झाडं नापास करायची. विज्ञानातली कल्पकता मी म्हणते ती ही. बाजारात मान अजून हापूसलाच आहे, पण त्याने या कामाचं मोल कमी होत नाही.

आणखी एक. हापूस स्वतःच्या परागावर नीट धरत नाही. जवळ दुसऱ्या जातीचं झाड असलं तर फळधारणा सुधारते. आमच्याकडे मात्र बांधावरचे रायवळ तोडून तिथेही हापूस लावायची घाई. मला काळजी वाटते ती इथे. एआयकडे जे आहे ते माणसांनीच कधीतरी लिहिलेलं. मालवणीत लिहिलेलं आहेच किती? भाचीला मिळालेल्या ओळींत आमच्या वाडीच्या राखणदाराचं, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचं, नाव नव्हतं. कुठून असणार? ते कुणी कागदावर उतरवलंच नाही.

वाडीत गाऱ्हाणं घालणारे एक आजोबा आहेत. चतुर्थीनंतर भाची दोन संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून होती. त्यांना सुटं सांगता येईना. शेवटी तिने नारळ पुढे ठेवला, तेव्हा ते उभे राहिले आणि न अडखळता म्हणत गेले. तिने वहीत उतरवून घेतलं. चार शब्द आम्हां कुणालाच कळले नाहीत, ते तसेच ठेवलेत. तुमच्या गावी गाऱ्हाणं कोण घालतं? त्यांचं लिहून घेऊन पाठवलंत, तर ते चार शब्द कदाचित तिकडे सापडतील.