फोल्डेबल लेन्स म्हणजे इन्फेक्शनपासून सुटका नव्हे

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : डोळ्यात बसवलेल्या कडक लेन्समुळे डोळ्यात पू होतो, फोल्डेबल (घडी करून आत घालता येणारी) लेन्स घातली की इन्फेक्शनची भीती नाही, आणि कडक लेन्स काही वर्षांनी आतच खराब होते.

आधी पू. लेन्स निर्जंतुक होऊन सीलबंद पाकिटात येते. जंतू बहुतेक वेळा पेशंटच्याच पापण्यांच्या कडांवर असतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू त्वचेवर मुकाट राहतो, डोळ्याच्या आत गेला की घात करतो. म्हणून तर ऑपरेशनआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) डोळ्यात घालून काही मिनिटं थांबतात. ही काही मिनिटं कोणत्याही भारी लेन्सपेक्षा जास्त मोलाची आहेत. आणि एकाच दिवशी अनेकांचे डोळे बिघडले, तर डोळा धुण्याचं द्रावण, मशीनच्या नळ्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र), सगळंच तपासावं लागतं.

फोल्डेबलचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. मटेरियलचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जंतू काही पृष्ठभागांना जास्त चिकटतात. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १६,००० हून अधिक रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात जास्त धोका दिसला तो सिलिकॉनच्या लेन्समध्ये, सुमारे तिप्पट. आणि सिलिकॉनची लेन्स फोल्डेबलच असते! उलट 'कडक' म्हणून बदनाम झालेली पीएमएमए (कडक लेन्सचं प्लास्टिक) ही अ‍ॅक्रिलिकच्याच कुळातली, आणि बऱ्याच फोल्डेबल लेन्स अ‍ॅक्रिलिकच्याच असतात. त्याच अभ्यासात ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरॉक्सिम हे अँटिबायोटिक न दिलेल्यांमध्ये धोका सुमारे पाचपट निघाला. छेद कुठे घेतला, तो नीट मिटला का, लेन्समागचा पातळ पडदा (कॅप्सूल, रेटिना नव्हे) फाटला का, यानेही फार फरक पडतो. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा.

'खराब होते' हे तर सरळ चुकीचं. पीएमएमएची लेन्स डोळ्यात अनेक दशकं टिकते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागतं, ते बहुधा लेन्समागचा पडदा गढूळ झाल्यामुळे. हे इन्फेक्शन नाही. याग लेसरने त्या पडद्यात वाट केली की दिसायला लागतं, लेन्स काढावी लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती हा मेसेज वाचून निर्धास्त होणाऱ्यांची. डोळ्याच्या आतलं इन्फेक्शन क्वचितच होतं, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी; पण होतं तेव्हा बहुधा पहिल्या आठवड्यात होतं. आधी स्पष्ट दिसत होतं आणि आता अंधुक होतंय, डोळा लाल झालाय, पापणी सुजलीय, तर लेन्स कुठलीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका, दर चारांतल्या एकाला दुखतच नाही. अशा वेळी अँटिबायोटिकचं इंजेक्शन थेट डोळ्याच्या आत द्यावं लागतं, आणि ते उद्यावर ढकलण्यासारखं नसतं.