दाब, धर, सोडू नकोस!

गाडीच्या ब्रेकची एअर घरी काढायची तर आठ किंवा दहा नंबरचा रिंग पाना लागतो, हातभर पारदर्शक नळी लागते, रिकामी बाटली लागते, सीलबंद ब्रेक ऑईल लागतं आणि सांगितलं तेवढंच करणारा एक माणूस लागतो. पहिल्या चार गोष्टींची सोय होते. पाचवीसाठी माझ्या मते आपल्याकडे अजून दुकान निघालेलं नाही.

ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पेडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या ऑईलच्या लाइनमध्ये हवा शिरली की पाय पेडलवर आणि गाडी आपल्या मर्जीवर. हवा नसली तरी जुनं ऑईल दगा देतं, कारण ते वातावरणातला ओलावा शोषत राहतं. डॉट-४ प्रतीचं नवं ब्रेक ऑईल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरला की हीच हमी १५५ अंशांवर येते. आंबेनळी घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ऑईल उकळलं की वाफ होते, आणि वाफही दाबली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी सगळं ऑईल बदलायचं. लहान गाडीला लिटरभर पुरतं. माळ्यावरची ‘अर्धी तर आहे अजून’ बाटली वापरायची नाही. उघडल्या दिवसापासून ती आपल्या पावसाळ्यांचा ओलावा पीत बसलेली असते.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना उटी लावा, जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. चाकाजवळच्या निप्पलला, म्हणजे ब्रेकची हवा ज्यातून बाहेर सोडायची त्या छोट्या पोकळ स्क्रूला, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. फिक्स पाना लावलात तर षटकोनाचा गोल होतो. जोर केलात तर निप्पल तुटून अर्धं आत राहतं आणि शंभर रुपये वाचवायला निघालेला माणूस नवा कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड आवळणारा भाग) घेऊन घरी येतो.

पेडल दाबलं की ऑईल पुढे ढकलतो तो मास्टर सिलिंडर; त्यापासून लांबचं चाक आधी, हा सर्वसाधारण नियम. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. पण बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरप्या जोडलेल्या असतात, तिथे क्रम वेगळा निघू शकतो. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा, पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींचा नव्हे. (मंडळी जमतातच. बॉनेट उघडं दिसलं की सोसायटीतला प्रत्येक जण निवृत्त मेकॅनिक असतो.)

आता मुख्य नाट्य. आधी निप्पलवर रिंग पाना, मग नळी; उलटं केलंत तर नळी काढून पुन्हा सुरुवात. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑईलमध्ये बुडलेलं हवं. इंजिन बंद. खालून आपण ओरडायचं, ‘दाब!’ वरच्याने सावकाश दाबायचं आणि ‘दाबलं’ म्हणायचं. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. आपण निप्पल पाव फेरा सोडतो, ऑईल आणि बुडबुडे नळीत येतात आणि पेडल खाली जातं. नेमकं इथेच वरचा माणूस घाबरून ‘अरे, गेलं गेलं!’ म्हणत पाय उचलतो आणि बाहेर आलेली हवा परत आत. निप्पल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे त्याला आधी तीनदा समजावा. उत्साही मदतनीस भराभर पंप करतो, त्याने बुडबुडे फुटून बारीक होतात आणि निघता निघत नाहीत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज न वापरल्या जाणाऱ्या भागात मास्टर सिलिंडर आतून खडबडीत झालेला असतो. पेडल थेट तळाला गेलं की सील तिथे घासून फाटतं.

या गडबडीत बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या डबीकडे कुणाचंच लक्ष नसतं. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडरच हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली, तर ती काढायला बहुतेक वेळा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, म्हणजे शेवटी गॅरेजच. चार-पाच वेळा दाबून डबी बघायची, हा नियम देवपूजेइतक्या नेमाने पाळा. ऑईल बॉनेटवर सांडलं तर रंग सोलून निघतो. पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

कितीही काढली तरी हवा संपत नसेल, तर निप्पल कुठे आहे ते बघा. कॅलिपर काढून बसवताना डावा-उजवा झाला असेल, तर निप्पल खाली येतं आणि हवा वरच्या बाजूला निवांत बसते. संध्याकाळपर्यंत दाबलंत तरी ती निघायची नाही.

बुडबुडे थांबून फिकट, स्वच्छ ऑईल आलं की निप्पल बेताने आवळा, त्यावर रबरी टोपी घाला, डबी मॅक्सच्या रेघेपर्यंत भरा. पेडल कडक लागलं पाहिजे. इंजिन चालू केल्यावर ते थोडं खाली जातं. तो बूस्टरचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा, गुण आहे, ‘सगळं फुकट गेलं’ म्हणून डोक्याला हात लावू नका. आवारातच अगदी हळू चालवून ब्रेक मारून बघा. काढलेलं ऑईल गटारात नको, जुनं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला द्या. तिथला माणूस बाटलीकडे बघून ‘घरी केलंत?’ विचारेल. हो म्हणा आणि निघा. थांबलात तर तो पेडल दाबून बघेल.