नेट गेल्यावर नकाशा दिसणार का, तेवढं सांगा!

गाडीला नेव्हिगेशन बसवायचं म्हणून साताऱ्यात कुठल्याही दुकानात जा, पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, ९ इंची स्क्रीन आहे, यूट्यूब मस्त चालतं." अहो, मला घाट उतरताना यूट्यूब बघायचं नाहीये! नेट गेल्यावर नकाशा दिसणार का, एवढंच विचारतोय. त्यावर उत्तर काय, तर "मोबाईलचा हॉटस्पॉट जोडा की."

आणि रेंज कुठून आणू? कासच्या पुढे बामणोलीकडे उतरायला लागलं की ती कधी दगा देईल सांगता येत नाही. खरं तर जीपीएसला मोबाईलची रेंज लागतच नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपैकी ४ दिसले की जागा कळते. नकाशा मात्र यंत्रात साठवलेला हवा. एवढी साधी गोष्ट, पण खोक्यावर छापलेली नसते. तिथे सगळा रॅमचा गाजावाजा.

अँटेनाचं तर विचारूच नका. काडेपेटीएवढी ती काळी डबी काचेजवळ, वर आकाश मोकळं मिळेल अशी चिकटवायची असते. बसवणारा पोरगा ती वायरच्या गुंडाळीसकट डॅशबोर्डच्या आत, पत्र्याखाली कोंबतो आणि पॅनेल ठोकून मोकळा होतो. मग बाण रस्ता सोडून शेतातून पळतो. तक्रार केली की म्हणे, "सॅटेलाइट वीक आहे." काय बोलायचं यावर?

दुकानदारांनो, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याआधी एकदा फोन बंद करून हे यंत्र बामणोलीपर्यंत चालवून बघा. ते जमत नसेल तर निदान स्पष्ट सांगा, की नेट नसताना हे रस्ता दाखवणार नाही.